अप्पांचं यार्ड आणि गोल शून्य

अप्पा मला ऑफिसच्या वेळेत फोन करत नाहीत. गॅस संपू दे, पाहुणे येऊ दे, पाण्याच्या दिवशी मोटार बंद पडू दे, तरी "ती कामावर आहे" म्हणून संध्याकाळपर्यंत कळ काढतात. त्यामुळे एप्रिलमधल्या त्या मंगळवारी दुपारी साडेबाराला फोनवर त्यांचं नाव दिसलं तेव्हा हातातली पॅकिंग लिस्ट तशीच टाकून मी जिन्यात आले. आईला काही झालं, हेच आधी मनात आलं.

"यार्ड उघडंना," अप्पा म्हणाले.

"काय?"

"यार्ड. काळं होतंय आणि जातंय. तू ये सावकाश, घाई नाही." फोन ठेवला.

घाई नसती तर फोनच आला नसता. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतून विजापूर रोडला ४३ अंशांत स्कूटीवर जाण्याइतकी ती घाई आहे का, हे ठरवेपर्यंत सहा वाजले.

यार्ड म्हणजे काय ते सांगते. अप्पा रेल्वेत सांधेवाले होते, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे, कागदोपत्री पॉइंट्समन. ३४ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी सोलापूरजवळच्या होटगीला. होटगीला गदगकडची लाईन फुटते. त्या काळी ती मीटरगेज होती, म्हणजे दोन मापांचे रूळ शेजारी शेजारी, आणि एका मापावरचा माल उतरवून दुसऱ्या मापावर चढवायचा. निवृत्त झाल्यावर माणूस नुसता घरात फिरायचा. लॉकडाऊनमध्ये तर तेही गॅलरीपुरतं. तेव्हा मी स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, सेल बघून त्यांना एक गेम घेऊन दिली. नाव लिहीत नाही, कारण करणारी माणसं दोनच आहेत, कुठल्या कुठे राहतात, आणि पुढे त्यांनी चूक पदरात घेतली. गेममध्ये डोंगर नाहीत, इंजिनाचा धूर नाही. स्टेशन मास्तरच्या खोलीतल्या पॅनलसारख्या नुसत्या रेघा. गाड्या येतात, सांधे फिरवायचे, सिग्नल द्यायचे, डबे लावायचे. मला पाच मिनिटांत झोप आली. अप्पांनी त्या रात्री जेवायला तीन हाका मारायला लावल्या.

स्वतःचा नकाशाही काढता येतो, हे त्यांना दुसऱ्या महिन्यात कळलं. तेव्हापासून ते होटगी बांधतायत. आत्ताचं नाही, त्यांच्या ड्यूटीतलं. कुठली सायडिंग, म्हणजे डबे उभे करायची बाजूची लाईन, कुठे संपायची, पाणी भरायचा खांब कुठे होता, कुठल्या लूपमध्ये, म्हणजे मेन लाईनला समांतर असलेल्या थांबायच्या लाईनीत, किती डबे मावायचे, सगळं आठवून आठवून. एखादी लाईन आठवली नाही तर जुन्या सोबत्यांना फोन. त्यांतले दोघे आता फोन उचलत नाहीत, त्यांच्या वाटच्या लाईनी अप्पांनी अंदाजाने टाकल्यात आणि त्यांना वेगळा रंग दिलाय. तर 'यार्ड उघडंना' याचा अर्थ हा.

घरी पोचले तेव्हा अप्पा कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून, हात मांडीवर ठेवून बसले होते. आयकॉनवर दोनदा क्लिक केलं. काळी खिडकी आली, दोन सेकंद राहिली, गेली. ना आवाज, ना चौकट, ना 'काहीतरी चुकलं' असा साधा निरोप.

"काय केलं होतं तुम्ही?" मी विचारलं. हा प्रश्न मी ऑफिसात रोज विचारते आणि उत्तर रोज एकच असतं, 'मी काहीच केलं नाही'. अप्पांनी डायरी उघडली.

त्यांची डायरी म्हणजे ट्रेन रजिस्टर. शनिवार, १९:४०, अपडेट आले, घेतले. १९:५५ ते २१:०५ यार्ड चालू, ठीक. रविवार, बार्शीला लग्न. सोमवार, १५:१० लाईट गेली, कॉम्प्युटर चालू होता, १६:२५ आली. मंगळवार, ११:३०, यार्ड बंद.

आता तुम्ही असता तर कुणावर संशय घेतला असता? मी लाईटवर घेतला. अपडेट झाल्यावर जवळजवळ सव्वा तास गेम चालली होती, लेखी पुरावा समोर होता. मधे एकच गडबड, चालू मशीनची वीज गेली. आमच्याकडे इन्व्हर्टर पंख्यांना आहे, कॉम्प्युटरला नाही. म्हटलं, डिस्क गेली असणार किंवा एखादी फाईल अर्धवट लिहिली गेली असणार. या एका पुराव्याने मला दोन संध्याकाळी फिरवलं.

मंगळवारी रात्री स्टीममधून फाईली तपासून घेतल्या. 'सगळ्या फाईली बरोबर' असं उत्तर आलं. डिस्क तपासली, ठणठणीत. बुधवारी ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला, अँटिव्हायरस तासभर बंद ठेवला, शेवटी गेम काढून परत टाकली. त्याआधी एक शहाणपण केलं, ते आजही आठवलं की स्वतःच्या पाठीवर थाप मारावीशी वाटते. सेव्ह केलेलं यार्ड गेमच्या फोल्डरमध्ये नसतं, अप्पांच्या नावाच्या युजर फोल्डरमध्ये असतं. ते अख्खं उचलून पेनड्राइव्हवर ठेवलं. अप्पांनी पेनड्राइव्ह मागून घेतला आणि कपाटाच्या किल्ल्यांच्या डब्यात टाकला.

परत टाकूनही तेच. काळी खिडकी, दोन सेकंद, संपलं.

जुनी आवृत्ती मिळते का तेही बघितलं. स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटा म्हणून एक भाग असतो, करणाऱ्यांनी ठेवली असेल तर तिथून मागची आवृत्ती निवडता येते. या दोघांनी ठेवली नव्हती. ओळखीच्या एका कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, फॉरमॅट मारून टाका, पाचशे रुपये." त्याला दात दुखतो म्हणून दाखवला तरी तो फॉरमॅटच मारेल.

गुरुवारी पाण्याचा दिवस. सोलापूरबाहेरच्यांना सांगते, आमच्याकडे नळ रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतो, आणि येतो तेव्हा घरातलं दुसरं कुठलंही काम काम राहत नाही. आई पाईप धरून, अप्पा पिंपावर. मी मात्र कॉम्प्युटरसमोर बसले होते, याचं आईने मोठ्याने कौतुक चालवलं होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी लॉग उघडला. पहिल्याच दिवशी उघडायला हवा होता. लॉग म्हणजे गेमची स्वतःची डायरी. आपल्याला दिसो न दिसो, बहुतेक गेम 'आता हे केलं, आता ते केलं' असं एका साध्या फाईलमध्ये लिहीत जातात. ती फाईल सेव्हच्या शेजारीच पडलेली होती, नोटपॅडमध्ये उघडली. दीडेकशे ओळी. स्क्रीन मिळाला, आवाजाचं यंत्र मिळालं, चित्रं चढवली, सेटिंग्ज वाचतोय. आणि त्याखाली एकदम वीस-पंचवीस ओळींचा ढिगारा. मी प्रोग्रामर नाही, एमएस-सीआयटी आणि टॅली एवढीच माझी पुंजी, पण इंग्रजी वाचता येतं. ढिगाऱ्याच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं, नंबर फॉरमॅट एक्सेप्शन. म्हणजे आकडा हवा होता, आकड्यासारखं काही मिळालं नाही. काय मिळालं तेही अवतरणात दिलं होतं: "०.००".

शून्य पॉइंट शून्य शून्य. आता याहून आकडा तो काय असायचा? मी ती ओळ पाच-सहा वेळा वाचली. ऑफिसात रोज शंभर आकडे बघते मी. वाटलं, पुढेमागे एखादी न दिसणारी स्पेस असेल. एक्सेलमध्ये असं होतं, खरेदीदाराच्या मेलमधून चिकटवलेल्या आकड्यामागे स्पेस येते आणि बेरीज होत नाही. बाणाच्या बटणाने एकेक अक्षर मोजलं. चारच होती.

तेवढ्यात पिंप भरून अप्पा आत आले. लेंगा गुडघ्यापर्यंत भिजलेला, चष्मा कपाळावर. "काय करूलालीस अजून?" म्हणत मागे उभे राहिले. मी ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं, हे बघा, शून्याला शून्य मानायला तयार नाही तुमची गेम.

अप्पांनी चष्मा खाली घेतला. स्क्रीनला नाक लागेल इतके वाकले. मग म्हणाले, "हे शून्य आपलं हाय."

"शून्याला आपलं-परकं काय?"

"वरच्या ओळीत वेळ लिहिलीय बघ. त्यातलं शून्य उभं हाय, अंड्यावाणी. हे गोल हाय. आणि बुटकं. हे मराठी शून्य."

मी कंट्रोल दाबून चाक फिरवलं, अक्षरं मोठी केली. एक ओळ अंड्यांची, एक गोट्यांची. अप्पांनी ३४ वर्षं ड्यूटीवर रजिस्टर इंग्रजी आकड्यांत भरलं आणि घरी डायरी मराठी आकड्यांत लिहिली. त्यांच्या हाताला ती दोन वेगळी वळणं आहेत. मला दोन्ही नुसती शून्यं. एक शंका उरली होती: शून्यच का? तर तो आवाजाचा आकडा होता. आईची मालिका चालू असते म्हणून अप्पा गेमचा आवाज पहिल्या दिवसापासून पूर्ण बंद ठेवतात. आवाज थोडा जरी चालू असता तरी त्या ओळीत '०.३५' असं काहीतरी दिसलं असतं, आणि तीन-पाच बघून मला मंगळवारीच उजेड पडला असता.

मग सेटिंग्जची फाईल उघडली. ती बघून हसूच आलं. खिडकीची रुंदी इंग्रजी आकड्यांत, उंची इंग्रजीत. त्याखाली आवाज मराठीत, झूम मराठीत: १.२५. जी गेम देवनागरीचं एक अक्षर दाखवू शकत नाही, 'होटगी' लिहिलं तर नुसते चौकोन काढते, म्हणून अप्पांनी सगळी नावं इंग्रजीत टाकलीत, तिने स्वतःच्या वहीत मात्र मराठी आकडे लिहिले होते.

आता हे मराठी आकडे आणले कुणी? मी. गेल्या दिवाळीत अप्पांना कॉम्प्युटरवर तारीख-वार मराठीत हवा होता, म्हणून विंडोजच्या रिजनमध्ये जाऊन फॉरमॅट मराठी (भारत) करून दिला होता. पण दिवाळीपासून एप्रिलपर्यंत त्याने काही बिघडलं नव्हतं. मग अपडेटसोबत आलेलं ते लांबलचक पत्रक वाचलं. आपण कुणीच वाचत नाही ते. त्यात शेवटून तिसरी ओळ: गेमसोबत येणारं जावा ८ वरून १७ केलं.

गाठ तिथे होती. ती सोडवायला मला बराच वेळ लागला, तुम्हाला थोडक्यात सांगते. ही गेम जावा नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली आहे. जावाला 'हा आकडा दोन दशांशांत लिहून दे' असं सांगितलं की तो मशीनवर कुठली भाषा-प्रदेश ठेवलाय ते बघतो आणि त्या रिवाजाने लिहितो. जावा ८ ला मराठीचा रिवाज माहीतच नव्हता, म्हणून तो गपचूप इंग्रजी आकडे लिहायचा. २०१७ मध्ये जावा ९ आलं, तेव्हापासून जावा हे रिवाज युनिकोडवाल्यांच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी नंबर ठरवून देणाऱ्या संस्थेच्या, सीएलडीआर नावाच्या यादीतून घेतं. त्या यादीत मराठीचे नेहमीचे आकडे देवनागरी आहेत. नेपाळीचेही देवनागरी, बंगालीचे बंगाली. आणि हिंदीचे? इंग्रजी! म्हणजे मी दिवाळीत हिंदी ठेवलं असतं तर गेम आजही सुखाने चालली असती. कुणीतरी मराठीची आकड्यांची बाजू जगाच्या यादीत नीट लावून धरली, त्याचा अभिमान वाटावा की त्यापायी माझ्या तीन संध्याकाळी गेल्या म्हणून कपाळावर हात मारावा, मला ठरवता आलं नाही. दोन्ही केलं.

लिहिताना मराठी लिहिलं, तर वाचताना वाचावं की. तिथेच फसगत. जावा मराठीत लिहिलेला पूर्णांक वाचतो, १२ लिहिलं तर बारा समजतो. पण दशांश अपूर्णांक वाचणारा भाग वेगळा आहे, त्याला फक्त इंग्रजी आकडे कळतात. कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी शून्याचा नंबर ४८, मराठी शून्याचा २४०६. त्याला ती दोन वेगळी अक्षरं, 'क' आणि 'ज्ञ' इतकी वेगळी.

आणि डायरीतली ती शनिवारची नोंद? तीही खरीच होती. शनिवारी अपडेटनंतर गेम उघडली तेव्हा तिने जुनी सेटिंग्ज वाचली, त्यातले आकडे इंग्रजी होते, काही अडलं नाही. २१:०५ ला अप्पांनी बंद केली तेव्हा नव्या जावाने सेटिंग्ज लिहिली, मराठीत. पुढच्या वेळी स्वतःचंच अक्षर तिला लागलं नाही. सोमवारी गेलेल्या लाईटचा यात काडीचा संबंध नव्हता. मी दोन दिवस वीजवाल्यांना शिव्या घातल्या होत्या, त्यांच्या खात्यावर बाकी खूप आहे, एवढी वळती होऊन जाईल.

दुरुस्ती करायला सोपा रस्ता होता, रिजन परत इंग्रजी करायचा. अप्पा म्हणाले, "मग वार मराठीत दिसंल का?" नाही म्हटलं. "मग ते नको." त्यांनी सांगितलेला भाग एवढाच, पण मुद्दा बरोबर होता. चूक गेमची, मशीनने का बदलायचं? गेमच्या फोल्डरमध्ये कॉन्फिग नावाची छोटी फाईल आहे, जावा कसा चालू करायचा ते तीत लिहिलेलं असतं. तिची आधी नक्कल काढली. मग जावाला द्यायच्या सूचनांच्या कंसात एक जास्तीची सूचना अवतरणात घातली: उणे चिन्ह, त्याला चिकटून मोठा डी, मग युजर टिंब लँग्वेज, बरोबरचं चिन्ह, ई एन. मधे कुठेही जागा नाही, आणि आधीच्या सूचनेनंतर स्वल्पविराम. तो स्वल्पविराम मी पहिल्यांदा विसरले आणि काळी खिडकीसुद्धा यायची बंद झाली. नोटपॅडमध्ये काम करणाऱ्याचा जीव एका स्वल्पविरामात असतो. मग बिघडलेली सेटिंग्जची फाईल बाजूला सरकवली, गेम तिच्याजागी नवी करून घेते.

गेम उघडली. मेनू आला. अप्पा पिंपावर झाकण टाकायला गेले होते ते धावत आले. 'होटगी' निवडलं, आणि धपकन सगळं बंद.

शनिवारी रात्रीचं सेव्ह. तेही त्याच हाताने लिहिलेलं. प्रत्येक रूळ कुठे सुरू, कुठे संपला, किती वाकला, सगळे दशांश, सगळे मराठीत. फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर एखाद्या जुन्या पंचांगाचं पान वाटावं. अप्पांना म्हटलं, आठवड्यापूर्वीचं सेव्ह आहे, त्यावरून पुढे चला. ते काही बोलले नाहीत. शनिवारच्या त्या सव्वा तासात त्यांनी गदग बाजूची शेवटची सायडिंग पुरी केली होती, हे मला आईने नंतर सांगितलं.

म्हणून रिप्लेस. नक्कल काढली, पेनड्राइव्हवरची होतीच, ही तिसरी. फाईलमधलंच एक मराठी शून्य उचलून 'शोधा'च्या चौकटीत ठेवलं, 'बदला'च्या चौकटीत इंग्रजी शून्य, सगळीकडे बदल. मग एक. मग दोन. दहा वेळा. अप्पा शेजारी बसून प्रत्येक आकड्याला "झालं" म्हणत होते, लेव्हर ओढल्यावर केबिनमधून म्हणतात तसं. नऊ बदलल्यावर अख्खी फाईल वरून खाली चाळली, एकही गोटी उरली नव्हती. सेव्ह केलं, गेम उघडली, होटगी.

सगळं जागच्या जागी. वेगळ्या रंगाच्या अंदाजाच्या लाईनी, पाण्याचा खांब, नवी सायडिंग. लूपमध्ये शनिवारी उभी केलेली मालगाडी.

"पाच दिवस लूपमध्ये," अप्पा म्हणाले. "गार्ड उपाशी मेला आसंल." आणि तिला सिग्नल दिला.

रात्री कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाता खाता त्यांचा राग बाहेर आला. तोवर माणूस गेमच्या काळजीत होता, रागवायला सवड मिळाली नव्हती. त्यांचं म्हणणं असं: सांध्याचं काम काढलं की सिग्नलवाले पाच मिलिमीटरची पट्टी रुळाच्या आणि जिभेच्या, म्हणजे सांध्यातल्या सरकणाऱ्या रुळाच्या, मधे ठेवून बघायचे. एवढीशी फट असताना पॉइंट लॉक झाला नाही पाहिजे. झाला, तर काम नापास, गाडी सोडायची नाही. "आणि हे? अख्खा पाया बदलला आणि ट्रायल न घेता लाईन दिली?" मी म्हटलं, घेतली असेल, पण त्यांच्या गावात मराठी मशीन कुठून येणार. "मग मागवायचं," अप्पा म्हणाले. तसं बघायला गेलं तर दौंड-सोलापूर दुहेरीकरणाच्या ब्लॉकपायी पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस किती वेळा रद्द झाली ते सोलापूरकरांना सांगायला नको, तेव्हा हेच अप्पा 'काम नीट व्हायचं तर गाड्या थांबणारच' म्हणून सगळ्या गल्लीशी भांडले होते.

त्या दोघांना मेल लिहिली. आमच्या ऑफिसच्या मेली 'काइंडली'ने सुरू होतात, हीही तशीच झाली. लॉग जोडला, सेटिंग्जची फाईल जोडली, अपडेटनंतर पहिल्या वेळी चालते आणि दुसऱ्या वेळी का पडते ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्यात एक गंमत कळली. त्यांना असल्या चुका माहीत होत्या. जर्मन मशीनवर दशांशाच्या टिंबाऐवजी स्वल्पविराम पडतो, त्यामुळे काही वर्षांपूर्वी गेम अशीच कोसळली होती. तेव्हा त्यांनी काय केलं, तर लिहून झाल्यावर स्वल्पविरामाचं टिंब करणारी एक ओळ घातली आणि पुढे गेले. जिथे पाणी गळतं तिथे बादली ठेवावी तसं. खरा उपाय आकडा लिहितानाच 'मशीनची भाषा बघू नको, तटस्थ रिवाजाने लिही' असं जावाला सांगणं. ते त्यांनी आता केलं. एकूण ११ ठिकाणी करावं लागलं, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि खाली माझ्या वडिलांना विशेष नमस्कार. शून्याची गोष्ट मी मेलमध्ये घातली होतीच.

नऊ दिवसांनी दुरुस्त अपडेट आलं. अप्पांनी घेऊ दिलं नाही.

"चालू लाईनवर काम नाही करायचं. रविवारी दुपारी दोन ते चार ब्लॉक घे."

रविवारी दोनला ब्लॉक घेतला. डायरीत नोंद झाली. पेनड्राइव्हवर ताजी नक्कल. माझी जास्तीची सूचना कॉन्फिगमधून काढली, नाहीतर दुरुस्ती झाली की नाही ते कळणारच नव्हतं. अपडेट चढवलं. उघडली, बंद केली, परत उघडली. चालली. पण अप्पांचं समाधान होईना. आवाज शून्यावर असताना काय कळतंय, म्हणाले, आकडा पडू दे काहीतरी. म्हणून आवाजाची पट्टी निम्म्याच्या जरा अलीकडे ओढली, बंद केली, फाईल उघडली. अक्षरं मोठी केली. शून्य उभं, तीन इंग्रजी, पाच इंग्रजी. अप्पांनी दोनदा बघितलं आणि डायरीत १५:२० लिहिलं, फिट.

मग गेम परत चालू केली तेव्हा आवाज तसाच राहिला होता. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी तो ऐकलाच नव्हता. सांधा फिरला की खट्ट असा लोखंडी आवाज येतो, गाडी त्यावरून गेली की डब्यामागून डबा खडखड करत जातो. अप्पांनी एक मालगाडी मेन लाईनवरून लूपमध्ये घेतली. मग परत मेनवर. मग परत लूपमध्ये.

"अहो, तेवढं कमी करा," आतून आई म्हणाली. "दुपारचं जरा पडू द्या माणसाला."